चांदणीची सोबत

भुतं रात्रीच दिसतात म्हणणाऱ्याला माझ्या मावसभावाच्या घोडीच्या कोठ्यात एका दुपारी बसवा. मग बोलू. ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडा, मी कोणाच्या पाया पडणार नाही.

जागा मोर्शीबाहेरची, संत्र्याच्या बागांना लागून. वेळ चार-पाच वर्षांपूर्वीच्या चैत्रातली. टळटळीत दुपार.

माझा मावसभाऊ प्रीतम वरातीसाठी घोडी ठेवतो. धंदा बापाचा, नत्थुजींचा. त्या हिवाळ्यात नत्थुजी गेले. पाठोपाठ त्यांची म्हातारी घोडीही गेली.

प्रीतम रडला नाही. कोणी विचारलं की म्हणायचा, "आत काही हालूनच नाही राहिलं."

बायको भावना मागं लागली, म्हणून त्यानं अकोल्याकडच्या महादेवरावांची पांढरी घोडी घेतली. चांदणी. "हे बी गेली त कोठ्याले कुलूप लावतो," असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.

आमच्याकडं रीत आहे. जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. ते जुन्या धन्याच्या खुंट्यालाच राहतं. प्रीतमनं नवं दावं नेलं होतं, पण ते बांधलं तर चांदणी टेम्पोत चढेना. जुनं बांधलं तशी गपगुमान चढली. महादेवराव निरोप देऊन घरात गेले होते, ड्रायव्हर घाई करत होता. प्रीतम जुन्या दाव्यासकट तसाच निघाला.

घरी आल्यावर त्यानं नवं दावं लावलं आणि जुनं कोपऱ्यात टाकलं.

चांदणीनं खाणं सोडलं.

हरभरा भिजवून दिला, गूळ दिला. ती भिंतीकडं तोंड करून उभी. डॉक्टर म्हणाले, "आजार नाही. एकटी पडली. शेजारी बकरी बांधा."

बकरी आली. बांधायला दुसरं काही सापडेना, म्हणून प्रीतमनं कोपऱ्यातलं जुनं दावं तिच्या गळ्यात घातलं आणि म्हाताऱ्या घोडीच्या रिकाम्या खुंट्याला बांधलं.

संध्याकाळपर्यंत चांदणीनं टोपलं पुसून खाल्लं.

"पाहा, सोबत झाली," भावना म्हणाली. बऱ्याच दिवसांनी हसली बिचारी.

पण बकरी...

बकरी दावं ताणून पार दाराशी उभी असायची. गळा सोलून निघाला, तरी घोडीजवळ जाईना. आणि चांदणी बकरीकडं बघतही नव्हती. तिची मान वळलेली असायची खुंट्याजवळच्या रिकाम्या जागेकडं.

एका दुपारी प्रीतम ओट्यावर पडला होता. पंखा बंद, लाईट गेलेली.

कोठ्यातून आवाज आला...

खर्र... खर्र...

खरारा. घोडीचं अंग घासतात तो.

त्याला वाटलं, भावना असेल. भावना आत पोळ्या करत होती.

तो कोठ्यात गेला. आवाज थांबला. खरारा खिळ्याला टांगलेला. चांदणी डोळे मिटून उभी.

तिची उजवी बाजू धुळीनं माखलेली. आणि डावी...

डावी बाजू लखलखीत होती.

त्यानं बकरी सोडून दिली. दावं खुंट्यालाच राहिलं. चांदणी खात होती. बकरीची गरज नव्हतीच तिला.

त्यांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो. भूत नाही, भगत नाही. तरी प्रीतमनं ते दावं पिशवीत घातलं आणि अकोल्याची गाडी धरली.

महादेवराव दावं बघून खाली बसले.

"हे कावून नेलं तुमी?"

"चुकून आलं."

"माह्या लहान भावाचं हे. त्याच्याच हातात राहे. तिच्यापाशीच निजे तो. मागच्या पोळ्याले गेला. तरी खरारा चालूच होता... मले वाटलं, घोडी गेली त सुटंल बिचारा."

प्रीतम दावं त्यांच्या हातात ठेवून परत आला.

चांदणी आडवी पडली होती. टोपलं भरलेलं. भावना तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "तुमी दावं नेल्यापासून असंच हाय. मरते आता हे."

प्रीतम तसाच उलट्या पावली निघाला. सकाळी महादेवरावांच्या दारात पोचला, तर ते दावं हातात घेऊनच उभे होते. प्रीतमनं ते घेतलं आणि परतीची गाडी धरली.

दुपारी त्यानं दावं रिकाम्या खुंट्याला बांधलं.

चांदणी उठली. पाणी प्यायली. खायला लागली.

तेव्हापासून तसंच आहे. उजवी बाजू प्रीतम घासतो. डाव्या बाजूला तो जात नाही.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. चांदणी थकली आहे, दात झिजलेत. प्रीतम मोबाईलवर एका तरण्या घोडीचे फोटो बघत होता.

"धंदा वाढवतो का?" मी विचारलं.

"नाही. धंद्यासाठी नाही."

"मग?"

"चांदणी गेल्यावर तो एकटा पडंल ना," प्रीतम म्हणाला. पाऊसपाण्याचं बोलावं तसं. "मंग तो घरात येईल."

भावना दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती फोटोच बघत होती, आणि हळूच म्हणाली, "हे नको. लवकर भेटंल अशी पाहा."