बाबांच्या पेल्यातलं पाणी

चिझुरू कुंपणाच्या कडेने पाण्याच्या बाटल्या मांडत होती, तेवढ्यात घराशेजारून चढत जाणाऱ्या पायऱ्यांवरून आवाज आला, "मांजरांना पळवायला? पाण्याने?"

"उन्हात चमकलं की घाबरतात म्हणे..." तिने वर पाहिलं. वर्गातला कानाता! त्याच्या शर्टातून एक बदामी डोकं डोकावत होतं.

"आमची मुगी घाबरत नाही. पण पाणी प्यायचं म्हटलं की तोंड फिरवते. मूत्रपिंडं अधू झालीत तिची."

त्या दिवसापासून बाटल्या रोज तिरक्या व्हायला लागल्या. आणि चिझुरू त्या सरळ करायला बरोबर चार वाजता बाहेर यायला लागली.

"कोण गं करतं हे?" कानाता साळसूदपणे विचारायचा.

"असेल एखादा बोका. उंच, गणितात कच्चा."

परीक्षेसाठी तो तीन दिवस हिरोशिमाला निघाला, तेव्हा मुगीला पिंजऱ्यात घालून तिच्याकडेच घेऊन आला.

"तीन ठिकाणी वाट्या ठेव. खाण्यातही पाणी कालव. प्यायली नाही तर लगेच फोन कर हं! आणि... आल्यावर तुला काहीतरी सांगायचंय."

"आत्ता सांग की!"

"मुगीसमोर? लाजेल ती."

वाट्या भरलेल्याच राहिल्या, कालवलेलं खाणंही तसंच. मुगी सारखी देव्हाऱ्यावर चढायची. तिथे वारलेल्या बाबांच्या फोटोपुढे आई रोज सकाळी पाण्याचा पेला ठेवायची. मुगी त्यात तोंड घालणार, इतक्यात—

"शूक्! बाबांचं आहे ते!"

पाचव्यांदा चिझुरूने देव्हाऱ्याची दारंच लावून टाकली. फोन मात्र... नाही केला. साधं मांजर सांभाळता येत नाही हिला, असं वाटलं तर त्याला? तिने लिहून पाठवलं, 'मस्त पितेय!'

तिसऱ्या दिवशी मुगी उठलीच नाही. दवाखान्यात सलाईन लावलं, पण उशीर झाला होता. कानाता स्टेशनवरून धावतच आला.

चिझुरूने सगळं सांगितलं. फोटो, पेला, दारं. खोटा निरोपसुद्धा.

त्याने मुगीचा पिंजरा जवळ ओढला. मग म्हणाला, "घरी ती आजोबांच्या पेल्यातलंच प्यायची. देव्हाऱ्यातलं. लाज वाटली म्हणून बोललो नाही मी."

"कानाता... तुला काहीतरी सांगायचं होतं ना?"

रिकाम्या पिंजऱ्याची कडी लावत तो म्हणाला, "राहू दे. तू फोन केला असतास, तर मी सांगितलं असतं गं... पेल्याचंही."

आता बाटल्या सरळच असतात. काल चिझुरूने स्वतःच एक तिरकी केली आणि चार वाजता बाहेर येऊन उभी राहिली.

कानाता हल्ली पलीकडच्या पायऱ्यांनी जातो.