सीताराम करड्यांची आठपट बंबगाडी

बंबगाडीची पुढची दोन्ही चाकं फाकली, आस (चाकांना जोडणारा दांडा) मधोमध वाकला आणि दोन मजली घराहून उंच असा तो तांब्याचा डोलारा कर्रकन आवाज करत नाकावर बसला. अजून मोटर सुरूसुद्धा केली नव्हती. आत माणूस नव्हता, सामान नव्हतं. गाडी नुसत्या आपल्याच वजनानं मोडली होती!

आणि गंमत बघा, तिचा छोटा नमुना, दीड मीटर लांबीचा, त्याच आवारात सकाळपासून चकरा मारत होता. आत अकरा वर्षांची चैत्राली बसली होती, तरी तो कुरकुरला नव्हता. तोच आकार, तेच तांबं, सगळी मापं अगदी प्रमाणात. मग छोटी पळते आणि मोठी मोडते, हे कसं?

ही हकिकत आहे सन २०६४ मधली, नाशिकच्या नवलगाडी संग्रहालयातली. हे संग्रहालय म्हणजे जुन्या काळच्या कल्पक माणसांचं जणू माहेरच. विमानासारखी शेपटी असलेली मोटार, अंड्यासारखी तीनचाकी, एका दुकानानं जाहिरातीसाठी बनवलेली टेम्पोएवढी कोल्हापुरी चप्पल, आणि सगळ्या चालणाऱ्या बरं का! उगाच नाही लोक तोंडात बोटं घालत.

त्यातच चैत्रालीचे खापरपणजोबा सीताराम करडे यांची बंबगाडी. सीताराम तांबट होते, म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे. त्या काळी अंघोळीचं पाणी बंबात तापायचं. बंब म्हणजे तांब्याचं उभं पिंप, पोटात जाळ, वर धुराडं आणि बाजूला नळ. आपल्या दुकानाच्या जाहिरातीसाठी सीतारामांनी चक्क चाकांवरचा बंब योजला. धुराड्यातून वाफ निघणार आणि मागचा नळ फिरवला की दार उघडणार! त्यांनी छोटा नमुना घडवला आणि खाली कागदावर लिहून ठेवलं, 'हाच नमुना आठपट करणे.'

कागद वाचून तेव्हाचा गाडी बांधणारा कारागीर पोट धरून हसला. बारा मीटरचा बंब? गल्लीत मावेल तरी का? गाडी झाली नाहीच, पण गावानं सीतारामांना 'आठपट्या करडे' करून टाकलं. ते नाव पुढे घराण्यालाच चिकटलं. चैत्रालीचे आजोबा भालचंद्र करडे मोठे धातुशास्त्रज्ञ झाले, तरी शाळासोबती त्यांना अजून 'काय आठपट्या' म्हणूनच हाक मारत. आपला आजोबा वेडा नव्हता, हे एकदा गावाला दाखवायचं, म्हणून तर संग्रहालयात ही बारा मीटरची गाडी बांधण्याचा हा सगळा खटाटोप.

"भालचंद्रराव, मलाही वाईट वाटतंय," संग्रहालयाच्या प्रमुख वसुंधरा मॅडम म्हणाल्या. "पण नवलगाड्यांच्या रविवारच्या मिरवणुकीत गाडी चालली नाही, तर तिला 'फसलेल्या कल्पना' या दालनात ठेवावं लागेल. नियमच आहे तसा."

आजोबा वाकून मोडका आस तपासू लागले.

"मी मापात चूक केली नाही," ठोक्या म्हणाला. ठोक्या हा संग्रहालयाच्या कारखान्यातला, गाड्या बांधणारा यंत्रमानव. त्याला चार हात होते आणि विनोद मुळीच कळत नसे. "लांबी आठपट, रुंदी आठपट, उंची आठपट. चाकं आणि आससुद्धा आठपट."

"मग मोडली कशी, आजोबा?" चैत्रालीनं विचारलं.

आजोबांनी तिच्यापुढे लाकडी ठोकळ्यांचा डबा उपडा केला. "याच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद, दुप्पट उंच असा ठोकळा रचून दाखव बरं."

चैत्राली रचत गेली. दोन पुरले नाहीत, चार पुरले नाहीत. शेवटी आठ लागले.

"आता त्याची एकच बाजू बघ. किती चौकोन दिसतात?"

"चार."

"म्हणजे लांबी दुप्पट केली, की क्षेत्रफळ (पृष्ठभागाचं माप) चौपट होतं आणि घनफळ (वस्तूनं व्यापलेली जागा) आठपट. वजन वाढतं घनफळाबरोबर. पण आस किती भार पेलणार, ते ठरतं त्याच्या छेदावर, म्हणजे काकडी आडवी कापल्यावर जी चकती दिसते ना, तेवढ्या क्षेत्रफळावर."

चैत्रालीनं ठोकळ्यांकडे निरखून पाहिलं. "म्हणजे वजन झालं आठपट आणि ताकद वाढली फक्त चौपट?"

"शाबास! प्रत्येक भागावरचा ताण दुप्पट झाला. आता आपल्या मोठ्या गाडीचा हिशेब सांग रे ठोक्या."

"ताकद चौसष्टपट. वजन पाचशे बारापट. पन्नास किलोच्या नमुन्याची पंचवीस हजार सहाशे किलोंची गाडी झाली. ताण आठपट."

"म्हणून तर हत्तीचे पाय हरणासारखे बारीक नसतात," आजोबा म्हणाले. "नुसतं फुगवून कुणी मोठं होत नाही, पोरी."

कोडं सुटलं. पण चैत्रालीला आनंद होईना, कारण दुसरं कोडं त्याहून वाईट होतं. "म्हणजे खापरपणजोबा चुकलेच?" तिनं हळूच विचारलं. आजोबांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले. ते पाहून तिला भडभडून आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी संग्रहालयातलं सीतारामांचं कपाट त्या दालनात हलवण्यासाठी रिकामं करायला सांगितलं. त्यांच्या हातचे हंडे त्यात मांडलेले होते. चैत्राली एकेक हंडा जड मनानं कागदात गुंडाळत होती. उपडा करताना तिला दिसलं, की प्रत्येकाच्या बुडावर छिन्नीनं आकडा कोरलाय. लहानग्या, वीतभर उंचीच्या हंड्यावर एक. दोनाचा हंडा त्याहून जेमतेम तीन बोटं उंच. आणि आठाचा?

तिनं वीत लावली. दोन विती! फक्त दोनच!

"ठोक्या, हा तर दुप्पटच उंच आहे. मग याच्यावर आठ का?"

"उंचीशी आकडा जुळत नाही. कोरणाऱ्याची चूक असावी."

"एकूणएक हंड्यावर चूक? थांब." चैत्रालीनं वीतभर हंडा नळाखाली भरला आणि मोठ्यात ओतला. एक, दोन, तीन... सातव्यानंतरही जागा उरली. आठवा ओतला आणि पाणी बरोबर काठाला लागलं.

"आजोबा!" ती इतक्या जोरात ओरडली, की आजोबा हातातला चहा सांडत धावत आले. "आठपट! खापरपणजोबांचं आठपट हे आहे!"

आजोबांनी हंडे पाहिले, काठाला लागलेलं पाणी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! अगं, तांबट भांडं उंचीनं मोजतच नाही. किती पाणी मावतं, त्यानं मोजतो. दुप्पट हंडा म्हणजे दुप्पट पाण्याचा. आठपट गाडी म्हणजे..."

"लांबीला फक्त दुप्पट! तीन मीटर!"

"मी लहान असताना त्यांना विचारलं होतं, की लोक का हसतात," आजोबा सावकाश म्हणाले. "ते म्हणाले, 'ज्याला भांड्याचा पट कळत नाही, त्याच्या तोंडी कोण लागणार!' मला वाटलं, म्हातारा नुसता चिडलाय." त्यांनी वीतभर हंडा उचलून घेतला. "मी एवढा धातुशास्त्रज्ञ, आणि घरची भाषा मलाच कळली नाही."

"सूचनेत 'कशाच्या आठपट' हे लिहिलेलं नव्हतं," ठोक्यानं नोंदवलं आणि चारही हातांनी कामाला लागला.

रविवारी बंबगाडी रस्त्यावर आली. लांबी तीन मीटर, वजन चारशे किलो, ताण फक्त दुप्पट, आणि तेवढा तो आस हसत पेलत होता. धुराड्यातून वाफ निघाली, तांब्यावरचे हातोडीचे ठोके उन्हात लखलखले आणि गर्दीनं एकच जल्लोष केला. चौकात आजोबांनी थांबून नळ फिरवला आणि दार उघडलं, तेव्हा तर लहान मुलं गाडीला अक्षरशः लोंबकळली. आजोबांचा एक शाळासोबती पुढे येऊन म्हणाला, "भालचंद्रा, तुझे आजोबा कसले हुशार रे!" आजोबांनी हसून मान हलवली.

संध्याकाळी वसुंधरा मॅडमनी बंबगाडीला दर्शनी दालनात सगळ्यांत पुढची जागा दिली. मग आवाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो मोडका बारा मीटरचा राक्षस तेवढा उद्या वितळवून टाकू."

"नको!" चैत्राली म्हणाली. ती मघापासून वहीत काहीतरी खरडत होती. "मॅडम, चंद्रावर वस्तूचं वजन सहापट कमी भरतं ना? मग तिथे त्याच्यावरचा ताण आठपट नाही राहणार. आठ भागिले सहा, म्हणजे जेमतेम एक पूर्णांक एक तृतीयांश. आज रस्त्यावर धावलेल्या गाडीपेक्षाही कमी!"

आजोबांनी वही हातात घेतली. हिशेब एकदा तपासला, मग पुन्हा एकदा तपासला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त आस नवा घालावा लागेल."

"आणि तिथे तो चालवणार कोण?" मॅडमनी हसून विचारलं.

"मी," चैत्राली म्हणाली.

कुणी हसलं नाही. आजोबांनी खिशातून खडू काढला, आवारात गेले आणि त्या तांब्याच्या डोलाऱ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'चंद्रासाठी राखीव. वितळवू नये.'