पंख्याची वायर

वाडीच्या ट्रान्सपोर्ट लायनीत गोपाळराव ट्रकांचं वायरिंग करायचे. करंट कुठे गळतो हे शोधायला त्यांच्या खिशात शाळेतल्या पोरांचं असतं तसलं होकायंत्र असे. रीत साधी. आधी बॅटरी काढून वायरीजवळ सुई कुठे थांबते ते पाहायचं, कारण ट्रकचं लोखंडही सुईला ओढतं. मग बॅटरी जोडायची. सुई हलली, की त्या वायरीतून करंट चाललाय. मीटर घेऊन फिरणाऱ्यांना ते हसायचे.

डिसेंबरातल्या त्या सकाळी साहिलने वडिलांचा ट्रक आणला.

"काका, रोज सकाळी बॅटरी डाऊन! सारं बंद करून ठेवतो, तरी. काहून होऊन राहिलं असं?"

"पाहतो नं गा."

साहिलचे वडील केशव मे महिन्यात याच ट्रकमध्ये, सीटमागच्या झोपायच्या फळीवर, ऊन लागून गेले. माल उतरायची वाट बघत भर दुपारी आडवे झाले होते. केबिनचा पंखा जळला होता, असं साहिल समजत होता. तो जळला नव्हता. त्याची वायर घासून करंट गळत होता, म्हणून गोपाळरावांनीच ती कापली होती. "उद्या नवी टाकून देतो," म्हणाले आणि चार दिवस फिरकलेच नाहीत. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. हिंमतच झाली नव्हती.

बॅटरी जोडली. हेडलाइटच्या वायरीवर सुई ढिम्म. हॉर्नच्याही. केबिनमध्ये जाणाऱ्या वायरींच्या जुडग्याजवळ मात्र ती वळली. तिच्या मागोमाग गोपाळराव फळीपर्यंत चढले. तिथे पंख्याच्या वायरीची त्यांनीच कापलेली दोन टोकं लोंबत होती, कशालाही न टेकता.

सुई वायरीला पार आडवी झाली होती.

"साहिल, बॅटरी काढ."

"काढली, काका. खाली ठेवली."

सुई तशीच.

साहिल दारातून आत वाकला. "काका, इथं पाणी सांडवलं काय तुम्ही?"

फळीवरचं रेक्झिन ओलं होतं. डाग माणसाच्या लांबीचा. गोपाळरावांनी बोट लावलं, तर कोमट लागलं. बाहेर लोक स्वेटर घालून चहा पीत होते.



"पंखा जळला नव्हता गा," ते म्हणाले. "वायर मी कापली होती. मंग जोडाले आलोच नाही."



त्यांनी दोन्ही टोकं पिळून जोडली.

बॅटरी खाली मातीत होती. पंखा फिरू लागला.

रेक्झिनवरचा डाग हळूहळू, डोक्याच्या बाजूने, वाळत आला.