शाजीनं पाठवलेला मुलगा

चहाचा ट्रे घेऊन हिमा बाहेरच्या खोलीत आली, तिनं हळूच नजर वर केली... आणि पाहायला आलेल्या मुलानं तिला पहिलाच प्रश्न विचारला —

"लॅपटॉप कुठे आहे?"

चहा बशीत हिंदकळला.

आजवर आलेल्या मुलांनी तिला गाता येतं का विचारलं होतं, केस खरेच एवढे लांब आहेत का विचारलं होतं. एकाच्या आईनं तर दारापर्यंत चालून दाखवायला लावलं होतं. पण हे? ती तशीच उभी राहिली. वेणूमामांनी मात्र खूश होऊन मांडीवर थाप मारली.

"बघ मोळे, बघ पोरी! मी नुसतं म्हटलं, पोरगी सकाळपासून लॅपटॉपपायी रडतेय. तर हा म्हणतो, म्हणून तर आलोय!"

मुलगा हसला. सावळा, उंच, कपाळावर हेल्मेटचा वळ, पायाशी पाठीवरची पिशवी. एका हातात केळ्याचा काप होता. तो खावा की ठेवावा, हे त्याला कळत नव्हतं.

सकाळपासून हिमाला धक्क्यांवर धक्केच बसत होते. आज दुपारी चारला तिची मुलाखत होती. हैदराबादच्या एका संस्थेत मल्याळम शब्दकोशाचं काम होतं आणि दोन वर्षं ती अशाच कामाची वाट पाहत होती. फोनवर भागणारं नव्हतं, नोंदी पडद्यावर टंकून दाखवायच्या होत्या. आणि नेमका आज सकाळी तिचा लॅपटॉप आपण होऊन काहीतरी नवं उतरवून घ्यायला लागला, मध्येच थबकला, 'जागा अपुरी' म्हणाला आणि काळाठिक्कर पडला. दुकानातला सगळ्यात स्वस्त लॅपटॉप होता तो! तिनं शाळेतल्या मित्राला फोन केला. "बघतो कुणाला तरी पाठवून, पण संध्याकाळ होईल," तो म्हणाला. संध्याकाळी काय करायचंय? ती डोळे पुसत होती तोच अम्मा पांढरं जरीकाठी सेट-मुंडू घेऊन आली.

"हे नेस. अकराला मुलगा येतोय. कोचीला कंपनीत आहे."

"आज? अम्मे, आज माझी मुलाखत आहे!"

"ती चारला. हा अकराला." देवळासाठी तुळशीचे हार ओवणाऱ्या अम्माच्या हिशेबात सगळं असं एकापुढे एक ओवलेलं असायचं.

आता अम्मा मामांच्या कानात पुटपुटली, "दोघं बोलू देत जरा," आणि हिमा, तो मुलगा, तो लॅपटॉप — तिघांची रवानगी मागच्या ओसरीवर झाली.

त्यानं पिशवीतून पेनड्राइव्ह काढला, लॅपटॉप मांडीवर घेतला, एखाद्या आजारी मांजरासारखा.

"स्वस्तातला आहे," हिमा ओशाळून म्हणाली.

"स्वस्त म्हणजे वाईट नव्हे हो. एवढ्याशा ओसरीत हत्ती आणून बांधायचा आणि मग म्हणायचं, ओसरीच लहान! हत्ती सोडून देऊ?"

"आणि मग काय बांधणार?"

"लिनक्स. विंडोजपेक्षा हलकं चालतं."

"अय्यो, ते तर आमच्या शाळेत होतं! पाचवीत मी त्याच्यावरच मल्याळम टंकायला शिकले."

"मग झालं तर. जुनी ओळख आहे." तो तिच्याकडे पाहून हसला. डोळे आधी हसायचे त्याचे, ओठ मागून. "पण आधीचं सगळं पुसावं लागेल. जपून ठेवायचं असं काही आहे?"

हिमानं लॅपटॉपकडे पाहिलं. होणाऱ्या नवऱ्याशी खोटं कशाला बोलायचं?

"एका मुलाचे फोटो आहेत... कॉलेजातल्या. त्याचं लग्न झालं आता."

त्याची बोटं थांबली. "ठेवायचेत?"

"...नको."

"नक्की? एकदा पुसलं की परत मिळायचं नाही."

"पुसा."

आत स्वयंपाकघरात पितळेचं काहीतरी दणकन पडलं. अम्मा दाराआडच होती तर!

त्यानं कळ दाबली. काळ्या पडद्यावर उजेड आला, एक बारीकशी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. दोघं तिच्याकडे बघत राहिली. बोलायला काहीतरी हवं होतं. आणि विचारायचं ते आत्ताच विचारून घ्यायला हवं, असं हिमाला वाटलं.

"मला ही नोकरी मिळाली... तर हैदराबादला जावं लागेल. चालेल?"

तो गोंधळून पाहू लागला. "मला का विचारता? नोकरी तुमची. जा की खुशाल."

हिमाला खरंच वाटेना. इतकं सोपं?

"एकटी राहीन मी तिथे."

"शहर छान आहे म्हणतात. बिर्याणी तर विचारूच नका."

"मला स्वयंपाक येत नाही."

"मला येतो. का हो?"

"काही नाही..." ती पदराशी चाळा करत राहिली. हा माणूस खराच आहे की आपण झोपेत आहोत? "लग्नानंतरही मी काम सोडणार नाही."

"सोडायचं कशाला? माझी आई अजून शिवणाचा वर्ग चालवते. सोड म्हणायची कुणाची छाती आहे?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "पण एक सांगू? तुमच्याकडे आल्यागेल्याचं फारच करतात. मामांनी माझा पगार विचारला, घर स्वतःचं का विचारलं... पितो का, तेसुद्धा!"

"मग? पिता?"

"चहा," तो म्हणाला. "आणि तुम्ही आणलेला थोडा बशीत सांडला होता... तोही प्यायलो."

हिमाला हसू आवरेना. ती हसली आणि तो बघतच राहिला. पट्टी पुढे सरकली होती, इतकी की आता एक कळ दाबायला हवी होती. त्याच्या ते ध्यानातच आलं नाही. तिनंच बोटानं दाखवलं.

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. अम्मा चुलीशी उभी, तोंड उतरलेलं.

"फोटोंचं कशाला सांगितलंस त्याला? आता काय तो—"

"अम्मे. हो."

"काय हो?"

"हो म्हणजे हो. मला पसंत आहे."

अम्मा पाटावर बसलीच. ज्या पोरीनं आजवर कुणाच्या चालण्यात, कुणाच्या बोलण्यात, कुणाच्या नुसत्या मिशीत खोट काढली होती, ती आज अर्ध्या तासात हो म्हणाली! अम्मा नुसती देवाच्या फोटोकडे हात करू लागली.

आणि बाहेर मोटारीचा भोंगा वाजला.

मोटारीतून आधी काठापदराची एक बाई उतरली, मग तिचे यजमान, मग इस्त्रीच्या सदऱ्यातला एक गोरा मुलगा, आणि शेवटी काखेत पिशवी मारलेला स्थळं जमवणारा शाजी.

"माफ करा हं वेणूचेट्टा, चालाकुडीला वाहतूक तुंबली होती. हा प्रशोभ. मुलगा!"

मामांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी मागे पाहिलं. नेमका त्याच वेळी पहिला मुलगा ओसरीवरून आत आला, हात पुसत. "झालंच हं, आता फक्त मल्याळम कळफलक—"

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"मग हा कोण?" मामांनी विचारलं.

"मला शाजीनं पाठवलं."

"मी?" स्थळवाला शाजी उडालाच. "याचं मी तोंडसुद्धा पाहिलेलं नाही!"

"तुम्ही नव्हे... शाजी, यांचा शाळेतला मित्र. मी त्याच्याकडे सुट्टीला आलोय. त्याला वेळ नव्हता, म्हणून मला म्हणाला, तू जाऊन लिनक्स घालून ये."

केरळात रस्त्यावर उभं राहून 'शाजी' म्हणून हाक मारली तर चारजण वळून बघतात. मामांनी दारात "शाजीनं पाठवलं ना?" एवढंच विचारलं होतं आणि तो "हो" म्हणाला होता. नाव विचारायची गरजच कुणाला वाटली नव्हती.

हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. कानांच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत तो लाल होत गेला. "म्हणजे तो पगार... ते घर..." त्यानं हिमाकडे पाहिलं. "आणि ते स्वयंपाकाचं..."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं हिमाला झालं. ती नवऱ्याशी बोलली होती आणि तो लॅपटॉपवाल्यासारखा उत्तरं देत होता! आणि आपण आत जाऊन 'हो' म्हणून आलो... ते सगळं उगाच?

अम्मानं तिच्या हातात पुन्हा ट्रे दिला. दुसरं काय करणार? पाहुणे दारात उभे होते.

प्रशोभशी तिला विहिरीजवळ बोलायला पाठवलं गेलं. मुलगा साधा वाटला. तो काही विचारायच्या आत हिमानं सगळं सांगून टाकलं. लॅपटॉप, शाजी, चूक, सगळं. "अर्ध्या तासापूर्वी मी हो म्हणून बसलेय. चुकीच्या माणसाला. आता तुमच्यासमोर खोटी कशी उभी राहू?"

प्रशोभ विहिरीत डोकावला. मग म्हणाला, "चूक माणसात झाली, की उत्तरात?"

हिमाची नजर ओसरीकडे गेली.

"माणसातच असावी. उत्तर बरोबरच दिसतंय," तो म्हणाला. हसला, पण ते हसू त्याला जड गेलं. आत जाऊन त्यानं आईला सांगितलं, मला जमेलसं वाटत नाही, निघू या. नकार त्यानं स्वतःच्या अंगावर घेतला. हिमा त्याच्या पाठमोऱ्या सदऱ्याकडे पाहत राहिली. असंही कुणी असतं?

मोटार गेली. अम्मा सगळ्यांकडे पाठ करून हार ओवायला बसली. पहिला मुलगा पिशवी आवरून ओसरीच्या पायरीवर बसला होता.

"लॅपटॉप नीट चालतोय," तो जमिनीशी बोलल्यासारखा म्हणाला. "मुलाखत संपेपर्यंत थांबतो. मध्येच काही अडलं तर... मग जातो."

तुलाम महिन्यातलं, परतीच्या पावसाचं आकाश. दुपार कलली आणि ते गडगडायला लागलंच. मुलाखतीला तोंड फुटतंय न फुटतंय तोच वीज गेली, इंटरनेटही गेलं. लॅपटॉप मात्र आपल्या बॅटरीवर शांत चालू होता.

"माझ्या फोनचं नेट जोडा!" बाहेरून आवाज आला. घरात कुठेच रेंज नव्हती. होती ती फक्त विहिरीच्या कठड्यापाशी. ती तिकडे खिडकीतून बघते तो काय — धो धो पावसात तो उभा, उंच धरलेल्या हातात फोन, आणि मामांची छत्री फोनवर. स्वतः नखशिखांत भिजत!

पडद्यावरच्या बाई शब्द सांगत होत्या आणि हिमा टंकत होती. लॅपटॉप एकदाही अडला नाही. शेवटच्या शब्दाशी मात्र ती स्वतःच अडली. 'विश्वास'. अर्थ लिहिता लिहिता नजर खिडकीकडे गेली. मग तिनं एका दमात नोंद पुरी केली. बाई वाचून हसल्या. म्हणाल्या, "कधी येऊ शकाल हैदराबादला?"

ती धावतच विहिरीपाशी गेली, पावसातच.

"मिळाली!"

"वाटलंच होतं." त्याचे दात वाजत होते. "आता जातो. आणि... मगाचं सगळं मनावर घेऊ नका. मला ठाऊक नव्हतं, मी कोण म्हणून बोलतोय ते."

"ठाऊक असतं तर वेगळं बोलला असता?"

"खोटं बोललो नसतो. पण घाबरलो असतो... फार." तो थांबला. "मामांनी सगळं विचारलं. मुलगी पसंत आहे का, तेवढं विचारायचं राहिलं."

"मी विचारते."

छत्री त्याच्या हातातून निसटली. "...आहे."

पावसाच्या आवाजात तो शब्द जेमतेम ऐकू आला, पण आला. एकदम हिमाला आठवलं आणि ती दचकलीच — "तुमचं नाव काय?"

"एल्दो. कोतमंगलमचा."

मागे ओसरीवर अम्मा आणि मामा येऊन उभे होते. मामांच्या भुवया वर चढल्या. एल्दो म्हणजे ख्रिस्ती! देवळाला हार पुरवणारं घर, आणि दारात एल्दो!

"मोळे," अम्माचा आवाज कापत होता, "याचं नाव ऐकलंस ना?"

"ऐकलं, अम्मे," हिमा म्हणाली. केसांतून पाणी गळत होतं, पण आवाज जागचा हलला नाही. "पण नाव नंतर कळलं. हो मी आधी म्हटलं होतं."

अम्मा त्या कुडकुडणाऱ्या मुलाकडे पाहत राहिली. पुढे तिच्या मनातला तो गुंता सुटायला वर्ष जाणार होतं. हैदराबादला किती फोन, कोतमंगलमला किती फेऱ्या, देवासमोर किती रडणं! पण त्या संध्याकाळी ती आत गेली, कोरडा पंचा घेऊन बाहेर आली आणि एल्दोकडे न बघता मामांच्या हातात देत म्हणाली —

"आधी डोकं पुसायला सांग त्याला."