उणे मिनिटांचा रस्ता

औषधांच्या गाड्यांचे रस्ते ठरवणं हे माझं काम. सकाळी गोदामातून गाड्या निघतात, शहरभरच्या दवाखान्यांत खोकी उतरवतात आणि परत येतात. कोणती गाडी कुठून गेली की सगळ्यांचा मिळून वेळ कमीत कमी जाईल, ते मी संगणकावर काढते. दवाखाने म्हणजे बिंदू, रस्ते म्हणजे रेषा, आणि प्रत्येक रेषेवर तिथून जायला लागणारी मिनिटं. बाकी सगळी बेरीज.

त्यातली एक गाडी माझा सख्खा मोठा भाऊ चालवतो. ही नोकरी मला दादानंच लावून दिली, आणि रस्ता चुकीचा निघाला की बोलणीही त्याचीच खावी लागतात.

कालव्याचं काम संपलं आणि दादाच्या गाडीला एक नवी रेषा मिळू लागली. कालव्याच्या पुलापासून डोळ्यांच्या दवाखान्यापर्यंत. तिच्यावरची मिनिटं उणे होती.

मिनिटं आम्ही हातानं भरत नाही, गाडीतलं यंत्र मोजून पाठवतं. मी यंत्र बदलून घेतलं. नवंही तेच सांगू लागलं. रेषा पुसून टाकली, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. अशी रेषा रस्त्यांच्या जाळ्यात शिरली की गणिताची वाट लागते. तिच्यावरून जितके वळसे घालावेत तितका वेळ घटत जातो, आणि सगळ्यांत जवळचा रस्ता कधी संपतच नाही.

"तिथे रस्ता आहे का खरंच?" मी दादाला विचारलं.

"आहे की. दोन्ही बाजूंना उंच झाडं. खड्डा नाही, वर्दळ नाही."

"लवकर पोचतोस?"

तो हसला. "इतका, की दवाखाना उघडायची वाट बघत बसावं लागतं."

त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. खुशीत होती. "तुझ्या दादाला हल्ली लवकर सोडता वाटतं. दुपारीच घरी असतो. मला तर सवयच राहिली नव्हती."

मी बरं म्हटलं. दुपारी दादा अजून गाडीवरच असतो, हे मला माहीत होतं.

"फक्त जेवत नाही गं नीट," ती म्हणाली. "खिडकीपाशी बसतो आणि माझ्याकडे बघून हसतो. हात मात्र गार असतात त्याचे."

दुसऱ्या दिवशी दादा गोदामात आला तो पाठ चोळतच. कपडे कालचेच होते.

"गाडीत झोपलो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुझी वहिनी दार उघडत नाही. बेल वाजवली, हाका मारल्या. आत दिवा होता. ती कुणाशी तरी बोलत होती, हसत होती. भांडण झालं म्हणावं, तर तेही नाही."

मी पर्स उचलली आणि त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. "आज मी येते. तो रस्ता दाखव मला."

पूल ओलांडल्यावर त्यानं गाडी डावीकडे घातली. तिथून मी कितीदा तरी गेले होते. तिथे दगडी भिंत असायची. आता झाडं होती.

उजेड पातळ, दुधी झाला. पानं हलत होती, पण सळसळ नव्हती. इंजिनाचा आवाज कुठेतरी मागेच राहून गेला. एका अंगणात दोरीवर ओले कपडे वाळत होते. त्यांतून ठिबकणारं पाणी जमिनीला न टेकताच पुन्हा वर जातंय, असं वाटलं. डोळे चोळून पाहिलं. तसंच दिसलं.

मला भीती वाटायला हवी होती. झोप येत होती.

"छान आहे ना?" दादा म्हणाला.

"दादा, गाडी वळव."

"वळवता येत नाही इथे. बघितलं मी."

झाडं मागे सरत राहिली. तेच अंगण पुन्हा आलं. पुन्हा तेच कपडे.

मी वहिनीला फोन लावला.

"वहिनी, दादा घरी आहे?"

"कोण बोलतंय?"

"अगं, मी."

तिच्यामागे कपबशीची किणकिण ऐकू आली, मग दादाचं खोकणं. माझ्या शेजारी दादा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होता.

मग त्या घरातून, अगदी फोनजवळून, माझ्याच आवाजात कुणीतरी विचारलं, "कुणाचा आहे गं?"

"कुणास ठाऊक," वहिनी तिला म्हणाली. "आवाज मात्र हुबेहूब तुझ्यासारखा काढलाय."

आणि तिनं फोन ठेवून दिला.