प्रश्न विचारायचे नाहीत

त्याच्यावर मी पहिल्यांदा ओरडले, तेव्हा तो बाकाखाली होता.

म्हणजे झालं काय, पोरींनो... माझी भाषेची तोंडी परीक्षा होती. कायम शिक्षक व्हायचं तर परवाना लागतो, आणि परवान्यासाठी सरकारी भाषा बोलता येते हे सिद्ध करावं लागतं. त्याच भाषेत मी रोज सहावीच्या पोरांना अपूर्णांक शिकवते. त्याच भाषेत त्यांची भांडणं मिटवते, त्यांच्या आयांची गाऱ्हाणी ऐकते. पण घरी आम्ही आपली भाषा बोलतो ना... मग करा सिद्ध! सकाळपासून डोकं तापलेलं, आणि त्यात तो बाहेरच्या खोलीतला बाक. टेकले की डुगडुग, टेकले की डुगडुग.

"अहो, हलू नका ना!" खालून आवाज आला.

मी किंचाळलेच. "खाली काय करताय तुम्ही?"

एक डोकं बाहेर आलं. केसांत धूळ, कानामागे पेन्सिल, हातात एक नाणं. "स्क्रू ढिला झालाय."

"बाकाचा की तुमचा?"

"दोघांचाही." तो गालातल्या गालात हसला. "मी घाबरलो की मला काहीतरी घट्ट करावंसं वाटतं."

तो पलीकडच्या तंत्रशाळेत सुतारकाम शिकवायचा. परवान्यासाठीच आला होता. त्याच्या घरची भाषा तिसरीच, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, त्याला माझ्या भाषेतलं नाही. आम्हा दोघांना येणारी एकच भाषा होती... जी येते की नाही हे तपासायला आम्हाला बोलावलं होतं!

तर ही परीक्षा जोडीनं असते. दोन उमेदवार समोरासमोर, एक विषय, आणि आपापसांत बोलायचं. परीक्षक बाई नुसत्या ऐकतात. जोडीदार कोण ते ऐन वेळी कळतं. आणि कोण असणार? बाकाखालचा.

विषय आला, 'शाळेची सहल कुठे न्यावी?' मी खडाखडा पाठ करून गेले होते. तोंड उघडणार, तेवढ्यात माझं लक्ष त्याच्याकडे गेलं. कान लाल. ओठ हलतायत, आवाज नाही. अगं, तो चेहरा मला पाठ आहे! फळ्यापाशी उभं केलेल्या पोराचा... ज्याला आत्ताच सगळं येत होतं आणि आता काही म्हणजे काही आठवत नाही.

मग मी काय केलं? जे रोज वर्गात करते तेच.

"तुम्हाला डोंगर आवडतात की पाणी?" मी हळूच विचारलं. आणि थांबले.

"...पाणी."

"का बरं?"

परत थांबले. मान हलवली. हळूहळू तो उलगडत गेला ना गं... नदी, मामाची होडी, होडीला बुडाशी लावलेलं डांबर, त्या डांबराचा उन्हातला वास. इतकं गोड बोलत होता की मी आपली हनुवटीला हात लावून ऐकत बसले. वेळ संपली तेव्हा मला शाबासकी द्यावीशी वाटली. त्याला!

निकाल लागला. तो पास. मी नापास.

शेरा काय, तर 'उमेदवार स्वतःचं मत मांडत नाही. फक्त प्रश्न विचारते.'

मी घरी येऊन दार असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. आई म्हणाली, "जाऊ दे गं, पुन्हा दे." दादा म्हणाला, "हिच्या तोंडाला नापास करणारा माणूस कुठे भेटेल? मला त्याचे पाय धरायचेत!" वहिनीनं त्याला चिमटा काढला म्हणून तो वाचला. हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतंच ते. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं होतं, "पुढच्या वेळीही परवाना नाही मिळाला, तर वर्ग दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल. माझ्या हातात काही नाही हो." माझा वर्ग! छेद-अंश उलटे मांडणारी माझी ती वात्रट पोरं... दुसऱ्या कुणाला तरी?

आणि दुसऱ्याच दिवशी हा शाळेच्या फाटकात उभा.

"मॅडम, फलकावर निकाल पाहिला. माझ्यामुळे—"

"तुमच्यामुळेच! तोंडात काय खिळे धरले होते का? मी तुम्हाला वर काढलं, आणि तुम्ही वर जाऊन शिडी ओढून घेतलीत! वर तोंड करून सांत्वनाला आलात? आणि त्या बाई! शिक्षक व्हायला आलेल्या माणसानं दुसऱ्याला बोलतं केलं, तर ते चूक? मग शिक्षकानं करायचं काय, आरशासमोर भाषण?"

श्वास घ्यायला थांबले. तो माझ्याकडे टक लावून बघत होता.

"काय बघताय?"

"मॅडम... तुम्ही एकदाही अडखळला नाहीत."

"म्हणजे?"

"परीक्षेत तुम्ही समोरच्याला सांभाळून घेता. रागात नाही घेत. त्या बाईंना हीच मॅडम दाखवा ना."

असं तो म्हणाला आणि मी अजूनच भडकले. पण शनिवारी गेले त्याच्या कार्यशाळेत, सरावाला. मग दर शनिवारी. का गेले ते विचारू नका!

तिथे ओल्या लाकडाचा, सरसाचा वास. खिडकीतून उन्हाची तिरीप आणि तिच्यात तरंगणारा भुसा. त्यानं नियम केला, मी प्रश्न विचारायचा नाही. विचारला की शिक्षा. पॉलिश पेपर घ्यायचा आणि एक फळी घासायची.

"हा काय अन्याय आहे?"

"झाला प्रश्न. घासा."

"अहो, हा प्रश्न होता का?"

"हा दुसरा."

मी दात-ओठ खाऊन घासायचे. तो मुद्दाम उचकवायचा. म्हणे गणित काय, कॅल्क्युलेटरला येतं. म्हणे बायकांना मोजपट्टी धरता येत नाही. मी असे वाभाडे काढायचे त्याचे! आणि तो... पेन्सिल कानामागे, डोळे माझ्यावर, चेहरा असा की जणू कुणी त्याला गाणं म्हणून दाखवतंय. एकदा मला म्हणाला, "पापणीवर भुसा आहे." हात पुढे आला... हवेतच थांबला... आणि मग खिशातून रुमाल काढून दिला. मी तो रुमाल परत दिला नाही. द्यायचा राहिला. बरं... नाही दिला!

फळी तोवर इतकी गुळगुळीत झाली होती की गाल टेकवावा. मी नसताना टेकवलाय त्यानं, एकदा आत येताना पाहिलं मी. न खोकता परत फिरले.

पुन्हा परीक्षेचा दिवस आला. बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं, तर त्या बाकावर हा. हातात नाणं.

"तुम्ही इथे कसे?"

"परीक्षा आहे माझी."

"पास झालेल्या माणसाची कसली परीक्षा?"

"चौकशीच्या खिडकीवरच्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, पुन्हा बसता येतं, जोडीदारही मागता येतो. फक्त..." तो बाकाकडे बघायला लागला. "जुना निकाल रद्द होतो."

"म्हणजे आज तुमचा परवाना—"

"नाही आहे. तुमची जोडी दुसऱ्या कुणा घाबरटाशी लागली असती, तर तुम्ही परत त्यालाच शिकवत बसला असतात. मला मात्र तुम्ही कच्चं खाता."

मी काही बोलणार, तेवढ्यात आतून पुकारा झाला.

त्याच परीक्षक बाई. विषय, 'ग्रंथालयाच्या खोलीला कोणता रंग द्यावा?'

"पांढरा," तो म्हणाला. कान लालच, पण बोलला. "पांढरा शांत असतो."

"पांढरा मुळीच नको," मी म्हणाले. "आणि रंग कोण ठरवणार, ते आधी बोलू. खोलीत बसायचं मी, आणि न विचारता ब्रश घेऊन हजर होणार हे! असं चालत नाही. दुसऱ्यासाठी एवढं मोठं काही पणाला लावायचं, तर त्याला आधी सांगायचं असतं. मी बिचारी नाही. मला कुणाचे उपकार नकोत!"

बाईंचं पेन थांबलं. "रंगाबद्दल बोला."

"रंगाबद्दलच बोलतेय, बाई! यांनी माझा रंग उडवलाय!" मी त्याच्याकडे वळले, आणि तुम्ही-बिम्ही सगळं सुटलं. "तुझा परवाना गेला तर तुझ्या पोरांना रंधा कोण धरायला शिकवणार? एवढी अक्कल नाही तुला! शनिवारची मी वाट बघते. आठवडाभर भांडणं साठवून ठेवते तुझ्यासाठी. तुझा रुमाल माझ्या उशीखाली आहे. मला तू आवडतोस! बाई, लिहून घ्या. हे मत आहे. माझं स्वतःचं."

आणि तो... मुका! ओठ हलतायत, आवाज नाही. अगदी पहिल्या दिवसासारखा.

बाईंनी पेन उचललं.

माझ्या जिभेवर प्रश्न आला होता, पोरींनो. 'आणि तुला?' एवढंच. तेवढ्यावर तो बोलला असता. पण ही शिडी मी एकदा लावली होती. या वेळी मी नुसती थांबले. उत्तर येतंय हे माहीत असताना जसं पोरासमोर थांबतात, तशी. मुठी आवळून, रागानं लालबुंद होऊन... पण थांबले.

"पिवळा," तो म्हणाला.

"काय?" बाईच म्हणाल्या.

"रंग. पांढरा नको. पिवळा." एकदा सुटल्यावर तो थांबेना. "कार्यशाळेत संध्याकाळी जे ऊन येतं, तसा. त्या उन्हात हिच्या पापणीवर भुसा बसतो. मला त्या खोलीत बसायचंय. ही भांडत असेल तिथे. रोज. शनिवार पुरत नाही मला. हे... माझंही मत आहे."

बाईंनी घड्याळ पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वेळ संपली," म्हणाल्या. "बाहेर जाऊन पुढचं बोला. इथे अजून उमेदवार आहेत."

निकाल? दोघंही पास. त्याचा शेरा, 'सुरुवातीला संकोच, नंतर भावपूर्ण.' माझा, 'विषय सोडून बोलते. मत ठाम.' आता मला सांगा, विषय सोडून? तोच तर विषय होता! मी तिथल्या तिथे अर्ज करणार होते शेरा बदला म्हणून, त्यानं हाताला धरून बाहेर आणलं.

बाहेर आल्यावर त्या बाकावर टेकले. जरासुद्धा हलला नाही.

"किती लवकर आला होतास तू?" मी विचारलं.

"झाला प्रश्न," तो म्हणाला, आणि धरलेला हात काही त्यानं सोडला नाही. "फळी घासा, मॅडम."