आत्याच्या अँटेना आणि बाईंचं बटण

"सावकाश रे, टोक भिंतीला घासतंय," ताई खालून म्हणाली.

जिन्याच्या वळणावर अॅल्युमिनियमची लांबलचक दांडी अडकली होती. वरचं टोक आत्याच्या हातात, खालचं ताईच्या हातात, आणि मधोमध भोपू नुसताच लोंबकळत होता. एरवी अशा वेळी भोपूनं अख्खी इमारत डोक्यावर घेतली असती. त्याचं हे नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. पण आज त्याच्याही तोंडाला कुलूप होतं. गच्चीवरची ही शेवटची अँटेना होती.

सुट्टीत तिन्ही भावंडं आत्याकडे आली होती ती या अँटेनांच्या ओढीनंच. आत्या दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची आणि घरी आली की दूरदूरची रेडिओ-टीव्ही केंद्रं पकडत बसायची. एका जुन्या कॉम्प्युटरचा तिनं मीडिया प्लेअर केला होता. अँटेनातून आलेले कार्यक्रम तो आपोआप साठवायचा आणि मग ते हवे तेव्हा टीव्हीवर बघता यायचे. त्याला मागून बोटाएवढा एक रिसीव्हर खुपसलेला असायचा. तो खरं तर टीव्हीसाठी बनवलेला, पण आत्यानं त्याला हवामानाच्या फुग्यांपासून विमानांपर्यंत सगळ्यांचं ऐकायला लावलं होतं. ताई तेरा वर्षांची, भोपू तिचा धाकटा भाऊ आणि शंका त्यांची चुलत बहीण. शंकाचं खरं नाव आता फक्त तिच्या शाळेलाच माहीत असावं. 'का' आणि 'कशावरून' याशिवाय तिचं पान हलत नसे.

आत्याच्या खालच्या मजल्यावर बाई राहायच्या. आत्याला त्यांनी शाळेत शिकवलं होतं. आता त्या एकट्याच होत्या. त्यांच्या गळ्यात एक बटण असायचं. ते दाबलं की फोनशेजारचा डबा मदत केंद्राला फोन लावायचा आणि केंद्रातल्या माणसाशी त्या डब्यातूनच बोलता यायचं. गेल्या आठवड्यात बाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. कुणीच आलं नाही. दुपारी ताई पुस्तक परत द्यायला गेली, तेव्हा तिला दारामागून बारीक आवाज आला आणि मग कुठे सगळ्यांना कळलं. हाड मोडलं नव्हतं, पण बाई सकाळपासून थंड फरशीवर पडून होत्या.

बटणाच्या कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला. बटण ठणठणीत आहे, म्हणाला, पण आसपास कुठून तरी जोराचा गोंगाट येतोय. तो माणसाला ऐकू येत नाही, पण बटणाची हाक मात्र त्यात बुडून जाते. झालं! इमारतीच्या अध्यक्षांनी थेट गच्चीकडे बोट दाखवलं. बाईंचा मुलगा परगावाहून धावत आला होता. त्यानं ठरवूनच टाकलं, की रविवारी आईला आपल्याकडे न्यायचं आणि हे घर बंद करायचं. बाईंना कुणी काही विचारलं नाही, आणि बाईही काही बोलल्या नाहीत. खिडकीत बसून त्या नुसत्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

अँटेना म्हणजे कान, कान कधी ओरडतो का, असं आत्यानं सगळ्यांना परोपरीनं सांगून पाहिलं. कुणी ऐकेल तर शपथ. मग एका सकाळी ती स्वतःच पाना घेऊन गच्चीवर गेली.

"पण तुझी खात्री आहे ना, चूक आपली नाही म्हणून?" शंकानं विचारलं.

"आहे," आत्या म्हणाली. "पण बाई खाली फरशीवर पडल्या होत्या आणि मी वर गाणी ऐकत बसले होते. त्या खात्रीचं मी काय करू?"



दांड्या पलंगाखाली गेल्या. मीडिया प्लेअर बंद झाला. आत्या कामावर गेली आणि घर अगदी भकास वाटायला लागलं. भोपूनं पत्ते काढले आणि परत ठेवून दिले. तेवढ्यात शंका म्हणाली, अँटेना तर काढल्या, पण त्यानंतर बटण कुणी दाबून बघितलं का?

कुणीच बघितलं नव्हतं. एवढी मोठी माणसं, एवढा आरडाओरडा, आणि एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. मोठ्यांचं हे असंच असतं. गुन्हेगार सापडला की त्यांना जेवण गोड लागतं.

तिघं खाली धावली. मुलगा सामानासाठी खोकी आणायला गेला होता. बाईंनी काठी टेकत न्हाणीघरात जाऊन बटण दाबलं. ताई डब्यापाशी उभी होती. डबा ढिम्म. बाईंनी परत दाबलं, जोर लावून दाबलं, तरी काही नाही.

"म्हणजे आत्याच्या अँटेना नव्हत्याच," भोपू म्हणाला. त्याला उड्या माराव्याशा वाटत होत्या, पण बाई अजून बटण दाबतच होत्या.

संध्याकाळी आत्या आल्या आल्या तिघांनी तिला घेरलं. तिनं आधी कानांवर हात ठेवले. पुन्हा त्या भानगडीत पडायचं नाही, लोकांनी आधीच जीव नकोसा केलाय, असं म्हणाली. पण बटण अजूनही लागत नाही हे ऐकल्यावर तिनं उठून कपाट उघडलं. तिनं बोटाएवढा रिसीव्हर लॅपटॉपला लावला, त्याला वीतभर तार जोडली आणि बाईंच्या बटणाच्या लहरींवर स्थिर केला. पडद्यावर जिथे सपाट रेघ हवी, तिथे गवतासारखं काहीतरी दाट माजलं होतं.

"हा तो गोंगाट," ती म्हणाली. "तार छातीशी धरायची आणि जागच्या जागी गोल फिरायचं. आपलं अंग लहरींना अडवतं. ज्या दिशेला तोंड केल्यावर गवत खुरटतं, त्याच्या उलट बाजूला, म्हणजे आपल्या पाठीमागे, चोर असतो."

चोर कोण, हे भोपूनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे अध्यक्ष! त्यांनी नुकताच भिंतभर टीव्ही घेतला होता आणि आत्याविरुद्ध सगळ्यात जास्त आवाज त्यांचाच होता. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, तिघं वरपासून सुरू झाली. ताई छातीशी तार धरून फिरायची, भोपू पडदा बघायचा, शंका दर पावलाला शंका काढायची. अध्यक्षांच्या दाराशी गवत जेमतेम होतं. भोपूचं तोंड पडलं. त्यानं यंत्रच बिघडल्याचं जाहीर केलं, पण शंकानं त्याला गप्प बसवलं. एक मजला उतरल्यावर गवत वाढलं. आत्याच्या मजल्यावर आणखी वाढलं. खाली बाईंच्या दाराशी मात्र पडदा पार भरून गेला.

ताई दाराकडे तोंड करून उभी राहिली, मग पाठ करून. पाठ केल्यावर गवत मान टाकायचं. तिनं तीनतीनदा करून बघितलं. चोर आतच होता.

"आता?" भोपू कुजबुजला. त्याला कुजबुजता येतं हे बाकीच्या दोघींना त्याच दिवशी कळलं.

ताईला आत जावंसं वाटेना. आत बाईंचा मुलगा सामान बांधत होता. आधीच तो आईपायी हवालदिल झालेला, त्यात आता जाऊन सांगायचं की काका, गोंगाट तुमच्याच घरातून येतोय?

"आणि नाही सांगितलं तर?" शंका म्हणाली. "उद्या बाई जातील."

ताईनं बेल वाजवली. मुलानं ऐकून घेतलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. कालपर्यंत दोष गच्चीवर होता, आज आमच्या घरात आला का, असं त्यानं रागानंच विचारलं. तो दार लावणार, एवढ्यात आतून बाई म्हणाल्या, "शोधू दे त्यांना."

मग शोधायला वेळ लागलाच नाही. टीव्हीच्या कपाटाशी पडदा अगदी पांढराफटक झाला. भोपू पोटावर झोपून कपाटामागे सरकला. मागच्या सॉकेटमध्ये काडेपेटीएवढी एक डबी होती आणि तिच्यावर लाल दिवा जळत होता.

"तो बूस्टर आहे," मुलगा म्हणाला. "अँटेनाचा जोर वाढवायला मीच लावला होता."

"पण त्याची तार कशाला जोडली आहे?" शंकानं विचारलं.

भोपूनं आतून तार ओढली. तिचं दुसरं टोक मोकळंच होतं. मुलगा त्या टोकाकडे बघत राहिला. महिन्यापूर्वी त्यानं आईसाठी नवा मीडिया प्लेअर आणला होता, इंटरनेटवर चालणारा. तेव्हा अँटेनाची तार त्यानंच उपटून टाकली होती. बूस्टर मात्र तसाच चालू राहिला. माइक लाउडस्पीकरच्या फार जवळ नेला की तो जसा आपलाच आवाज ऐकून किंचाळतो, तसा तो मोकळा बूस्टर महिनाभर किंचाळत होता.

"काका, सॉकेटचं बटण बंद करा ना," ताई हळूच म्हणाली.

त्यानं कपाटामागे हात घालून ते बंद केलं. पडद्यावरचं गवत गेलं आणि सपाट रेघ उरली. बाई काठी टेकत न्हाणीघरात गेल्या. क्षणभरात डबा खणखणला आणि आतून एका मुलीचा आवाज आला, "बोला बाई. काय झालं? मदत पाठवू का?"

मुलानंच उत्तर दिलं. आई ठीक आहे, म्हणाला, आणि तिथेच जमिनीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ताईला वाटलं, आपण हे शोधलंच नसतं तर बरं झालं असतं. पण बाईंनी न्हाणीघरातून परत येताना तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तिला तसं वाटेनासं झालं.

दुपारपर्यंत बातमी इमारतभर झाली. अध्यक्ष घसा खाकरत आले, पोरांनी डोकं लढवलं बुवा, म्हणाले, आणि आत्याला अँटेना परत लावायची परवानगी देऊन गेले. जणू त्या काढायला त्यांनी लावलंच नव्हतं. बाईंचा मुलगा मात्र वर येऊन मान खाली घालून आत्याची माफी मागून गेला. आत्यानं तिघांना जवळ घेतलं. तिचे डोळे भरून आले होते. "मी कान बंद करून बसले होते," ती म्हणाली, "तुम्ही उघडलेत."

संध्याकाळी तिघं बाईंकडे गेली तेव्हा खोकी तशीच होती आणि बाईंची बॅगही भरलेलीच होती. मुलगा मीडिया प्लेअर पुसत होता. निदान हा तरी तुझ्यासोबत नेऊ, तू रोज बघतेस ना, असं आईला विचारत होता. प्लेअरवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं.

"मी एकदाही लावला नाही," बाई म्हणाल्या. "तू एवढ्या हौसेनं आणलास, म्हणून बोलले नाही. तो लाल दिवाही मला कपाटामागून रोज दिसायचा. तूच लावलास म्हणजे लागत असेल, म्हणून फटीत फडकं घालून त्याच्यावरची धूळ पुसत राहिले."

"अगं, मग सांगायचं ना आई."

"आता सांगते. मला हा प्लेअर नको. आणि मला हे घर सोडून यायचं नाही."

मुलानं बॅग उघडली, साड्यांचा गठ्ठा उचलला आणि कपाटाशी गेला. तिथे तो थांबला आणि मागे वळला.

"कुठल्या कप्प्यात ठेवू?" त्यानं विचारलं.

"खालच्या," बाई म्हणाल्या. "वरपर्यंत माझा हात पोचत नाही."